एसटीतला दीड तास आणि मोडी : गुहागर–चिपळूण फेरीच्या नोंदी

काम एवढंच: गुहागर–चिपळूण–गुहागर या रोजच्या फेरीत मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला शिकायचं. इतकं, की एका जुन्या गहाणखताची चार पानी झेरॉक्स कोणाला न विचारता लागावी, म्हणजे वाचता यावी. मुदत चार महिने. घरी रोज फार तर पंधरा मिनिटं, बाकी सगळं गाडीत. मोडीचा इतिहास इथे नाही. वेळ आणि पैसे कुठे वाया गेले ते जास्त आहे. मोडीऐवजी दुसरं काही शिकायचं असलं तरी पहिल्या पाच-सहा नोंदी तशाच लागू पडतील.

९ ते १४ जून २०२५ – आधी मोजणी

सहा दिवस, बारा फेऱ्या. काहीच शिकायचं नाही, फक्त घड्याळ आणि वही. सकाळी सरासरी ९० मिनिटं, संध्याकाळी १०० च्या आसपास. "रोज तीन तास मिळतात" हा हिशेब पहिल्याच दिवशी कोसळला.

सकाळची फेरी अशी तुटते. गुहागर ते शृंगारतळी २० मिनिटं: चढ-उतार, दप्तरं, मासळीच्या टोपल्या, पास दाखवणं. काही होत नाही. शृंगारतळी ते मार्गताम्हाने ३० आणि तिथून रामपूर १५ मिनिटं: बसायला जागा असते, लक्ष लागतं. रामपूरच्या पुढे चिपळूणपर्यंत २५ मिनिटं वळणं आणि उतार, डोळे कागदावर ठेवणं अशक्य. म्हणजे डोळ्यांचं काम ४५ मिनिटं, कानाचं २५, आणि २० सोडून द्यायची.

संध्याकाळी हेच उलटं. चिपळूणहून निघाल्यावर मिरजोळी, रामपूर होईपर्यंत बहुधा उभंच राहावं लागतं, तेव्हा आधी कान, मग डोळे. जागा मिळाली तर डोळ्यांची ३५ मिनिटं, नाही मिळाली तर शून्य.

पासाचं: मासिक पासात २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस जाता येतं, त्रैमासिकात ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. पैसे वाचतात ते वाचतातच, पण सुट्टे शोधणं, तिकीट सांभाळणं हेही वाचतं. हातात कार्डं असताना ते फार कामी येतं.

१६ ते २१ जून – पुस्तक आणि वही. आठवडा फुकट

बाराखडीचं पुस्तक मांडीवर, वही त्याच्यावर, गिरवायला सुरुवात. बाराव्या मिनिटाला मळमळ. दुसऱ्या दिवशी दहाव्या. तिसऱ्या दिवशी मार्गताम्हान्याला खाली उतरावंसं वाटलं. कारण साधं: डोळ्यांना समोरचं पान स्थिर दिसतं, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. दोघांचं जमत नाही, भोगतं पोट.

उपाय म्हणून आलेपाक, लिंबू, खिडकी उघडी ठेवणं. आलेपाकाने पाचेक मिनिटं वाढली असतील, नसतीलही. उलटीची गोळी घेतली तर झोप येते, मग शिकायचं कोणी? आणि वळणांवर लिहिलेली अक्षरं घरी येऊन पाहिली तर ती मोडीही नव्हती आणि बाळबोधही, म्हणजे देवनागरीही, नव्हती.

लिहिणं गाडीत नाही, हे ठरलं. नवीन अक्षर पहिल्यांदा ओळखून घेणंही गाडीत नाही. गाडीत फक्त आधी पाहिलेलं आठवायचं. हे ठरवायला एक आठवडा गेला, पण पुढची सगळी मांडणी यावरच उभी आहे.

२३ जून – जागा

मागच्या चाकाच्या मागे बसू नका. मागची चाकं खड्ड्यात गेली की तिथला माणूस सर्वांत जास्त उडतो. पुढे इंजिनाचा आवाज, शिवाय पुढच्या काही जागा राखीव. दोन चाकांच्या मधल्या रांगा, पाचवी ते सातवी, सर्वांत बऱ्या. खिडकीची जागा हवीच. हवेसाठी नाही, लांब बघण्यासाठी. ते पुढे येईल.

उन्हाची बाजूही पाहावी लागते. सकाळी गाडी पूर्वेला जाते, संध्याकाळी पश्चिमेला. पाऊस संपला की ऊन दक्षिणेच्या अंगाने येतं, म्हणून सकाळी डावी खिडकी, संध्याकाळी उजवी. दोन्ही वेळा उत्तरच. आत्ता जूनमध्ये ढगांमुळे फरक पडत नाही. सप्टेंबरअखेर पडेल.

२६ जून – कार्डं, पहिला डाव. ६० रुपये पाण्यात

४८ अक्षरांची ४८ कार्डं. ए-४ आकाराच्या जाड कागदावर आठ-आठ, कापल्यावर प्रत्येक ए-७, तळहाताएवढं. पुढे मोडी, मागे बाळबोध. सहा कागद, घरगुती शाईच्या प्रिंटरवर, १० रुपये कागद.

दोन चुका. पहिली: पाठपोट छापताना मागचे रकाने उलटे यायला हवेत, ते तसेच राहिले. ज्याच्या पुढे क, त्याच्या मागे ग. दोन दिवस चुकीचंच पाठ होत होतं. दुसरी: शाईचं प्रिंट. मार्गताम्हान्याच्या अलीकडे सर आली, खिडकी लावेपर्यंत वरची पाच कार्डं निळी झाली.

३० जून – कार्डं, दुसरा डाव

तोच मजकूर झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंटवर. पावडरची छपाई पाण्याने पसरत नाही. २० रुपये कागद, सहा कागदांचे १२०. मागची बाजू छापलीच नाही, बॉलपेनने हाताने लिहिली. रकान्यांची कटकट मिटली आणि लिहिताना एकदा उजळणीही झाली. कोपऱ्याला भोक पाडून लोखंडी कडी, दोन कड्या २० रुपये. सुटी कार्डं गाडीत ठेवू नयेत. एक सीटखाली गेलं की उरलेला वेळ त्याच्यामागे जातो. पावसासाठी चेनची प्लास्टिक पिशवी, २० रुपये.

अक्षराची उंची १२ मिलिमीटर ठेवली. ८ ठेवली तर गाडी हलताना डोळे ताणावे लागतात आणि मळमळ परत येते.

एका कडीला १६ पेक्षा जास्त कार्डं नकोत. जाड जुडगा एका हातात उलटता येत नाही, आणि दुसरा हात पुढच्या सीटच्या दांड्याला हवा.

७ जुलै – बघायचं, मान वर करायची, म्हणायचं

मळमळीवर खरा उपाय हा निघाला. कार्ड दोन-तीन सेकंदच बघायचं. लगेच मान वर करून खिडकीबाहेर लांबचं काही बघायचं, डोंगराची कड नाहीतर शेताचा बांध. तसंच बघत उत्तर पुटपुटायचं. मग कार्ड उलटून खात्री. डोळे कागदावर सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त राहत नाहीत, त्यामुळे पोटाला तक्रार करायला वेळच मिळत नाही. ४५ मिनिटं निघाली, आलेपाकाशिवाय.

दुसरा फायदा अपेक्षित नव्हता. उत्तर आठवताना अक्षर समोर नसतं, त्यामुळे "हो हो, हेच ते" अशी फसवी ओळख होत नाही. अक्षर डोक्यात असलं तरच बाहेर बघताना दिसतं.

पुटपुटताना शेजारचे बघतात. दोन दिवस बघतात, मग सवय होते. एका काकांनी "स्तोत्र म्हणताय काय?" म्हणून विचारलं. कार्डं दाखवल्यावर त्यांनी घरच्या पेटीतल्या कागदांची गोष्ट रामपूरपर्यंत सांगितली. त्या दिवशीचं डोळ्यांचं काम शून्य.

१४ जुलै – फोन. रिकामे चौकोन

४८ अक्षरं संपली. बाराखडी कागदावर केली तर कार्डांचा ढीग होईल, म्हणून फोनवर अँकी घेतलं, विसरायच्या बेताला कार्ड पुन्हा विचारणारं अ‍ॅप. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. ते नेटशिवाय चालतं, आणि इथे ते लागतंच. मधल्या वळणांत रेंज येते-जाते. घरी एकदा सिंक केलं की झालं.

शब्द देवनागरीत लिहून 'अक्षरमुख' या साधनाने मोडीत बदलले आणि कार्डांत चिकटवले. संगणकावर छान दिसले, फोनवर रांगेने रिकामे चौकोन. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण फोनमध्ये फाँट असतोच असं नाही. अडीच तास गेले. शेवटी असं केलं:

'नोटो सान्स मोडी' हा फाँट उतरवला. फाईलच्या नावाच्या सुरुवातीला अधोरेषा लावली आणि ती अँकीच्या मीडिया फोल्डरमध्ये टाकली. अधोरेषा नसेल तर "न वापरलेल्या फायली" साफ करताना अँकी तीही पुसतं. एकदा पुसलीच. मग कार्डाच्या साच्यात, स्टायलिंगच्या भागात, फाँट-फेस (कोणता फाँट वापरायचा ते सांगणारी ओळ) लिहून त्या फाईलचं नाव दिलं. अक्षराचा आकार ६० पिक्सेल. पाठ काळी, अक्षर पांढरं ठेवलं तर संध्याकाळी काचेत आपलाच चेहरा दिसतो. उलटं ठेवावं.

यात एक धोका आहे आणि तो सप्टेंबरमध्ये भोवला: फाँटमधली मोडी शहाण्या मुलासारखी नीट बसते. कारकुनाची बसत नाही.

२५ जुलै – थकबाकी

रोज २० नवीन कार्डं हा अँकीचा मूळ आकडा तसाच ठेवला होता. दहा-बारा दिवसांत रोजची उजळणी १५० वर गेली. "बघ, मान वर कर, म्हण" या पद्धतीत एका कार्डाला साधारण २० सेकंद लागतात, म्हणजे ४५ मिनिटांत १३५ च्या आसपास. रोज पंधरा-वीस मागे राहू लागली, आणि नवीन वीस डोक्यावर.

नवीन ८ वर आणली. शिवाय नवीन कार्डं गाडीत उघडायचीच नाहीत. रात्री जेवणानंतर पाच मिनिटांत ती आठ पाहून घ्यायची, गाडीत फक्त उजळणी.

४ ऑगस्ट – कानाचं काम

रामपूर–चिपळूणची २५ मिनिटं आतापर्यंत गाणी ऐकण्यात जात होती. वाईट नाही, पण मोडी कागदात अक्षरांइतकाच घाम काढतात त्या तारखा आणि मापं. ती कानाने पाठ होतात.

सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना. तिचे आकडे अरबी शब्दांत असतात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, मग अशर १०, अशरीन २०, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. लहान आकडा आधी. "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे ४, ७०, १००, १०००, एकूण ११७४. हा सन मृग लागतो तेव्हा बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तेव्हा ११७४ म्हणजे १७७३-७४.

फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःच्या आवाजात: प्रश्न, चार सेकंद गप्प, उत्तर. पहिलं रेकॉर्डिंग रात्री पडवीत केलं. गाडीत लावलं तर पत्र्यावरच्या पावसाखेरीज काही ऐकू येईना. दुसरं अंथरुणात, गोधडी डोक्यावरून घेऊन. हसू नका, घरात याहून चांगला स्टुडिओ नाही. गप्प राहायची वेळ आधी आठ सेकंद होती, तेवढ्यात मन भटकतं. तीनला उत्तर अंगावर येतं. चार ठीक.

गाडीच्या घरघरीत सबा–सबैन, तिसा–तिसैन, अर्बा–अर्बैन एकच वाटतात, कारण शब्दाचं शेपूट ऐकू येत नाही. म्हणून या जोड्या लागोपाठ विचारल्या. कानात घट्ट बसणारा वायरचा इअरफोन घेतला, ३०० रुपये. एकाच कानात घालायचा. दुसरा कान कंडक्टरसाठी.

दुसरी फाईल मापांची: ४ शेर एक पायली, १२ पायली एक मण, २० मण एक खंडी. नुसतं पाठांतर कंटाळवाणं होतं म्हणून गणितं घातली. "तीन खंडी सात मण, पायल्या किती?" सदुसष्ट मण, म्हणजे ८०४. वळणावर डोळे मिटून हे छान जमतं. जमिनीचं: २० काठ्या एक पांड, २० पांड एक बिघा.

तिसरी फाईल साठ संवत्सरांची, म्हणजे पंचांगातल्या वर्षांच्या नावांची, दहा-दहाचे सहा तुकडे. ही उगाच वाटली होती. सगळ्यात उपयोगी हीच ठरली.

११ ऑगस्ट – बोट आणि पाटी

वाचता येतं पण वेग येत नाही. कारण हात चालत नाही. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत, होता होईल तो हात न उचलता लिहीत जातात. एक अक्षर दुसऱ्यात कसं शिरतं ते हाताला कळल्याशिवाय डोळ्याला नीट कळत नाही.

गाडीत: कार्ड बघून मान वर केल्यावर उत्तर पुटपुटायचं आणि सोबत तर्जनीने मांडीवर काढायचं. कागद नाही, त्यामुळे धक्क्याने बिघडत काही नाही.

चिपळूणच्या स्थानकात संध्याकाळी गाडी लागेपर्यंत १५-२० मिनिटं मिळतात. तिथे बाक स्थिर असतो. शाळेची पाटी आणि पेन्सिल, ६० रुपये. वही का नको? पावसात भिजते, आणि वहीत चुका राहिल्या की त्याच परत दिसतात. पाटी रुमालाने पुसली की संपलं.

२३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर – गणपती

चाकरमानी आले. बसायला जागा नाही, उभं राहायलाही कष्टाने. २७ ला चतुर्थी, त्याच्या आधीचे चार दिवस कार्डं पिशवीतून निघालीच नाहीत. हे आधी ओळखून कानाच्या तिन्ही फाईली लांब करून ठेवायला हव्या होत्या. ठेवल्या नाहीत, त्यामुळे तीच २५ मिनिटं पुन्हा पुन्हा. मापं मात्र इतकी घट्ट बसली की घरी मोदकांच्या पिठाचाही हिशेब पायलीत झाला.

८ सप्टेंबर – ४१२ कार्डं थकलेली

आधी एका दिवसात संपवायचा प्रयत्न. रामपूरपर्यंत ९०, डोकं जड, पुढची सगळी अंदाजाने ठोकलेली. असं केल्याने चुकीची उत्तरं "येतात" म्हणून नोंदली जातात आणि मग ती महिनाभर परत दिसत नाहीत.

दुरुस्ती: नवीन कार्डं शून्य, उजळणीची मर्यादा सकाळी ६०, संध्याकाळी जमेल तितकी. नऊ दिवसांत थकबाकी मिटली. सुट्टीनंतर हाच रस्ता धरा, धावू नका.

२२ सप्टेंबर – शब्द तोडणं

अक्षरं येतात, शब्द येतात, ओळ येत नाही. मोडीत दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अडचण लिपीची कमी आणि तोडण्याची जास्त आहे, हे कळल्यावर सरावासाठी मोडी लागतच नाही. बाळबोधातच जागा न सोडता वाक्यं टाइप करून कार्डं केली:

सदरहूजमीनआम्हीतुम्हासगहाणदिलीअसे

वाहिवाटवडिलोपार्जितचालतआलीतेप्रमाणे

दुसरं वाक्य टाइप करताना 'वहिवाट'चं 'वाहिवाट' झालं. तसंच ठेवलं. कागदांत शुद्धलेखन असंच असतं.

अशी ४० कार्डं. तीन सेकंद बघून वर मान करून तोडायची. आठवडाभरात वेग दुप्पट झाला असं वाटलं. घड्याळाने पाहिलं तर दीडपट.

२९ सप्टेंबर – खरा कागद

चार पानं, ७१ ओळी. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे करून फोनवर १४२ चित्रकार्डं. नावं-आडनावं असलेले तुकडे वेगळे ठेवले, ते गाडीत उघडायचे नाहीत. शेजारी मान वळवून बघणारे असतात आणि जमिनीचा कागद हा जमिनीचा कागद असतो. कापायला दोन रविवारांचे मिळून पाच तास. एवढे लागतील असं वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ४५ मिनिटांत दोन ओळी. फाँटवर शिकलेलं निम्मं बाद. कारकुनाने घाईत शेपट्या ओढल्यात, काही अक्षरं नुसतीच गाठ. म्हणून आता उलटं केलं: खात्रीने लागलेल्या शब्दांतून याच हाताची अक्षरं कापून त्यांची वेगळी २४ कार्डं केली. प्रत्येक हाताची बाराखडी वेगळी धरावी. हे जुलैत केलं असतं तर फाँटवरचे तीन आठवडे वाचले असते.

तिसऱ्या ओळीत "मौजेपाल शेत" असं तोडलं आणि दोन दिवस पाल नावाचं शेत शोधण्यात गेले. गहाणखतात शेत येणारच, त्यामुळे संशयही आला नाही. ते मौजे पालशेत होतं, गाडीवर रोज पाटी दिसते ते. त्या रात्रीच तालुक्यातल्या गावांची यादी कार्डांत घातली: वेळणेश्वर, हेदवी, अंजनवेल, असगोली, वरवेली, आबलोली, तवसाळ, कोतळूक. कोणत्याही तालुक्याचा कागद असो, आधी गावांची नावं पाठ करा.

६ ऑक्टोबर – शक

पहिल्या पानावर वरचा भाग झेरॉक्समध्ये कापला गेलाय, इंग्रजी तारीख नाही. शक वाचला १७६६. ७८ मिळवून १८४४. शकाला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पुढे फाल्गुनापर्यंत ७९.

पण त्याच्यापुढे "भावनाम संवत्सरे" स्वच्छ लागत होतं. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक (शून्य उरला तर साठावा, क्षय). २०२५-२६ या वर्षावर तपासून घ्या: शके १९४७ अधिक १२, १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावा विश्वावसु. बरोबर. आता १७६६ अधिक १२, १७७८, बाकी ३८, क्रोधी. भाव हा तर आठव्या क्रमांकाचा. जुळत नाही.

रामपूरच्या वळणांवर डोळे मिटून उलटं केलं: आठ यायला हवेत तर कोणता शक? १७९६ अधिक १२, १८०८, बाकी ८. घरी भिंगाने पाहिलं. दशकाचा आकडा ६ नव्हे, ९ होता, गाठ शाईने भरलेली. शके १७९६, म्हणजे १८७४-७५. तीस वर्षांची चूक एका शब्दाने निघाली. पान आता १२ ओळी एका फेरीत जातंय.

संध्याकाळी सहानंतर अंधारू लागलंय. गाडीतल्या दिव्यात चित्रकार्डं दिसत नाहीत, फोनचा उजेड वाढवला तर डोळे चुरचुरतात. परतीची फेरी आता पूर्ण कानाचीच.

१३ ऑक्टोबर – दोन दंड

रक्कम "रु॥४२॥" अशी. पहिल्या वाचनात दोन्हीकडे अर्धा धरला आणि काही अर्थ लागेना. पहिले दोन दंड शब्द आखडल्याची खूण आहेत, रु॥ म्हणजे रुपये. आकड्यानंतरचे दोन दंड म्हणजे अर्धा, आठ आणे. एकूण साडेबेचाळीस. एक दंड पाव, म्हणजे चार आणे; तीन दंड पाऊण, बारा आणे. पुढे "अक्षरी" म्हणून रक्कम शब्दांत येते, तिच्याशी ताडून घ्यायची, नुसत्या आकड्यावर कधीच थांबायचं नाही.

आखडलेल्या शब्दांची कार्डं वेगळी केली, ३१ झाली. मु॥ मुक्काम, सु॥ सुहूर. पण पा॥ पाटीलही असू शकतो आणि पाठविलेही. अशा कार्डाच्या मागे एक उत्तर लिहू नये, दोन्ही लिहावीत आणि आजूबाजूचे चार शब्द पुढच्या बाजूला ठेवावेत. एकटा पा॥ विचारणं म्हणजे चिठ्ठी काढणं.

१७ ऑक्टोबर – आजवरचा हिशेब

खर्च: वाया गेलेली कार्डं ६०, नवी १२०, कड्या २०, पिशवी २०, पाटी-पेन्सिल ६०, इअरफोन ३००. एकूण ५८० रुपये. आलेपाक धरला नाही, तो नाहीतरी खाल्लाच असता.

वेळ: पुस्तक-वहीचा एक आठवडा, फाँटचे अडीच तास, फाँटच्या अक्षरांवरचे तीन आठवडे आणि थकबाकीचे नऊ दिवस टाळता आले असते. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून कानाच्या फाईली आणि दुसऱ्या महिन्यापासून खऱ्या कागदाची कापलेली अक्षरं.

कागद: ७१ पैकी ६४ ओळी पूर्ण लागल्या. उरलेल्या सात ओळींत २३ शब्द अडले आहेत. त्यातले नऊ घडीवर आहेत, झेरॉक्समध्ये तिथे नुसती काळी रेघ. मूळ कागद उजेडात धरून फोटो काढल्यास पाच-सहा निघतील. साक्षीदारांच्या सह्या वेगवेगळ्या हातांच्या, त्यांना आत्ता हात लावलेला नाही.

चौदाव्या ओळीत एक पा॥ आहे. त्याच्या पुढचा शब्द घडीत गेलाय, मागचा "मजकूर", म्हणजे वर सांगितलेला. गावचा पाटील की गावाहून पाठविले, दोन्ही बसतं. ते कार्ड कडीत सगळ्यांत वर ठेवलंय.